गाळ्यातल्या बंद खोलीत गॅसचे सिलिंडर ठेवावेत का?

पिंपरी-चिंचवड परिसरात फॅब्रिकेशनचा गाळा चालवणाऱ्या एका उद्योजकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाळा सुमारे 2,000 चौरस फुटांचा असून त्यात ऑक्सिजनचे 10, डीएचे (म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनचे) 4, आरगॉनचे 6 आणि 19 किलोच्या एलपीजीचे 3 सिलिंडर असतात. चोरीच्या भीतीने हे सगळे मागच्या कोपऱ्यातल्या 10 फूट बाय 10 फुटांच्या, खिडकी नसलेल्या खोलीत कुलपाआड ठेवले जातात. खोलीचे दार गाळ्यात उघडते आणि तिच्या वर पोटमाळ्यावर ऑफिस आहे. ग्राहक कंपनीच्या ऑडिटरने याला हरकत घेऊन ऑक्सिजन आणि डीए यांच्यात 6 मीटर अंतर हवे असे लिहून दिले आहे. एवढी जागा नसल्यामुळे खोलीत मधोमध विटांची भिंत बांधली तर चालेल का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

भिंत बांधल्याने ऑडिटरच्या अहवालातला तो एक मुद्दा कदाचित मिटेल, पण आपला धोका जिथल्या तिथे राहील, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला प्रश्न अंतराचा म्हणून मांडला गेला असला, तरी मला त्यात खरी अडचण हवेची दिसते. सिलिंडर गळला तर बाहेर पडलेला गॅस कुठे जाईल, या प्रश्नाला आपल्या खोलीत एकच उत्तर आहे : तो आधी खोलीत साठेल आणि मग दाराच्या फटीतून गाळ्यात किंवा पोटमाळ्यावरच्या ऑफिसात जाईल.

आपला गाळा मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे मोकळा बोळ आहे की शेजाऱ्याचा गाळा, पोटमाळा काँक्रीटच्या स्लॅबचा आहे की लोखंडी चौकटीवर प्लायवूड टाकून केलेला, आणि मोकळ्या जागेचा हक्क आपला आहे की वसाहतीच्या सोसायटीचा, यावर अंतिम उत्तर बदलेल. छोट्या कारखान्यांची सुरक्षा तपासण्याचे काम करताना मी मात्र एक क्रम कधी बदलत नाही. आधी साठा कमी करायचा, मग हवा मोकळी करायची, त्यानंतर गॅस एकमेकांपासून वेगळे करायचे आणि कुलपाचा विचार सर्वांत शेवटी करायचा. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा लावलेला आढळतो.

हवेचा मुद्दा आकड्यांत पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य लक्षात येते. आपल्या खोलीची उंची 10 फूट धरली तर तिच्यात सुमारे 28 घनमीटर हवा मावते. आरगॉनच्या एका नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे 7 घनमीटर वायू असतो. रात्री व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही आणि तो सिलिंडर सकाळपर्यंत पूर्ण रिकामा झाला, तर खोलीतल्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण 20.9 टक्क्यांवरून साधारण 16 टक्क्यांवर येईल. 19.5 टक्क्यांखालची हवा कामाच्या ठिकाणी अपुरी मानली जाते. शिवाय आरगॉन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत ही घट आणखी जास्त असू शकते. आरगॉनला रंग नाही, वास नाही आणि त्याने घुसमटल्यासारखेही वाटत नाही. सकाळी कुलूप उघडून आत वाकलेल्या हेल्परला आपल्याला काय होते आहे हे कळण्याआधीच भोवळ येते. त्याला उचलायला धावत आत जाणारा दुसरा माणूसही तिथेच पडतो, आणि बंद जागांमधल्या अपघातांत हे वारंवार घडत आले आहे.

तेवढाच ऑक्सिजन गळला तर त्याच खोलीतले प्रमाण 35 टक्क्यांच्या पुढे जाते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, म्हणून पुष्कळ जण त्याला निरुपद्रवी समजतात. प्रत्यक्षात 23.5 टक्क्यांच्या वरची हवा धोकादायक धरली जाते, कारण त्या हवेत कामगाराचा सुती शर्ट, हातमोजे, पुसायची चिंधी, सगळेच फार लवकर पेट घेते आणि भडकून जळते. कपड्यांत मुरलेला ऑक्सिजन माणूस बाहेर आल्यावरही काही काळ टिकतो, आणि तेवढ्यात त्याने बिडी पेटवली किंवा तो ग्राइंडरजवळ गेला तर अंगावरचे कपडे पेटतात. याच कारणाने ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला आणि रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीसचा हातसुद्धा लागता कामा नये.

एलपीजीचा हिशेब याहून कठीण आहे. 19 किलो द्रव एलपीजीचा सुमारे साडेआठ घनमीटर वायू होतो, आणि हवेत त्याचे प्रमाण जेमतेम 2 टक्के झाले तरी ते मिश्रण पेटू शकते. म्हणजे एकच सिलिंडर चारशेहून अधिक घनमीटर हवा स्फोटक करू शकतो. आपल्या गाळ्याची उंची 15 फूट असेल तर हे गाळ्याच्या जवळजवळ निम्मे आकारमान झाले. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने दाराखालून बाहेर सरकतो आणि केबलच्या खंदकात, गटारात किंवा मशीनखालच्या खड्ड्यात साचून राहतो. डीए हवेपेक्षा किंचित हलके असते आणि हवेत त्याचे प्रमाण 2.5 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी पेटू शकते, त्यामुळे त्याच्या बाबतीत सुरक्षित मिश्रण जवळजवळ उरतच नाही. आपल्या खोलीत एक गॅस खाली साचणारा, दुसरा वर चढणारा, तिसरा आग भडकवणारा आणि चौथा श्वास हिरावणारा, असे चारही एकत्र आहेत. मधली भिंत यांतल्या कोणालाही बाहेरची वाट देत नाही.

आता ऑडिटरच्या 6 मीटरबद्दल. हा आकडा आला आहे तो अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या नियमांतून. तिथे साठवणीतले ऑक्सिजन आणि ज्वलनशील गॅसचे सिलिंडर 20 फूट, म्हणजे 6.1 मीटर दूर ठेवावेत, किंवा त्यांच्यामध्ये निदान 5 फूट उंचीची, अर्धा तास आग थोपवणारी, न जळणारी भिंत असावी असे म्हटले आहे. आपल्याकडे लागू असलेल्या गॅस सिलिंडर नियम, 2016 मध्ये साठवणुकीच्या कलमात ज्वलनशील व विषारी गॅसचे सिलिंडर एकमेकांपासून आणि इतर गॅसपासून पुरेशा अंतराने किंवा योग्य विभाजक भिंतीने वेगळे ठेवावेत, अशी अट आहे. तेव्हा भिंत हा पर्याय दोन्हीकडे मान्य आहे आणि त्यापुरते आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र त्याच कलमात जागा थंड, कोरडी, हवेशीर, छपराखालची आणि सहज पोहोचता येईल अशी हवी, शेड आगीला दाद न देणाऱ्या बांधकामाची हवी, जवळ जळाऊ सामान नको आणि रिकामे सिलिंडर भरलेल्यांपासून वेगळे हवेत, हेही सांगितले आहे. खिडकी नसलेली खोली यातल्या "हवेशीर" या एका शब्दावरच नापास होते. ऑडिटरने अंतरावर बोट ठेवले, पण हवेचा मुद्दा अहवालात आधी यायला हवा होता.

याला जोडून परवान्याचा एक गैरसमज दूर करतो. हे नियम राबवणाऱ्या पेसोचा, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा साठवणूक परवाना ठरावीक मर्यादेपर्यंत लागत नाही. एलपीजीसाठी ही मर्यादा एकूण 100 किलो आहे आणि डीएसाठी 50 सिलिंडर. आपले 3 सिलिंडर मिळून 57 किलो होतात, त्यामुळे परवान्याची गरज नाही हे आपल्याला कोणीतरी बरोबर सांगितले असेल. पण परवान्यातून सूट मिळाली म्हणजे साठवणुकीच्या अटींतून सूट मिळाली असे होत नाही. त्या अटी एका सिलिंडरलाही लागू आहेत. आग लागल्यावर विम्याचा सर्व्हेअर या अटी पाळल्या होत्या का, हाच प्रश्न विचारतो.

साठा कमी करण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच आहे आणि त्याकडे कोणी वळत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला. ते करणे आवश्यकच होते, पण त्या दिवसांत कटिंगची कामे ठप्प झाल्याची धास्ती अनेक गाळेधारकांच्या मनात राहिली आणि गरजेपेक्षा जास्त बाटले, म्हणजे सिलिंडर, ठेवण्याची सवय तेव्हापासून पक्की झाली, असे माझे निरीक्षण आहे. आज पुरवठादाराची गाडी औद्योगिक वसाहतींत ठरलेल्या वारी येते. आपण आठवडाभर रोज किती बाटले बदलले जातात याची नोंद ठेवा. दोन फेऱ्यांमध्ये लागतात तेवढे अधिक एक, एवढाच साठा पुरेसा असतो. आपल्या आकाराच्या गाळ्याला ऑक्सिजनचे 10 सिलिंडर खरोखर लागत असतील, असे मला वाटत नाही. शिवाय त्या 10 पैकी रिकामे किती, हेही पाहावे. रिकामा म्हणून बाजूला ठेवलेल्या बाटल्यात थोडा गॅस असतोच आणि त्याचा व्हॉल्व्ह पुष्कळदा उघडा राहिलेला असतो. डीए आणि एलपीजी या दोन्हींवर कटिंग होत असेल, तर एक बंद करता येईल का याचाही विचार करावा. कटिंगसाठी एलपीजी पुरते, डीए प्रामुख्याने गॅस वेल्डिंग आणि ब्रेझिंगला लागते. एक ज्वलनशील गॅस जागेतून गेला तर निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेल्या सिलिंडरांसाठी माझी पहिली पसंती इमारतीच्या बाहेर, मागच्या भिंतीला लागून बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्याला आहे. खाली काँक्रीटचा थोडा उंच ओटा, वर पत्र्याचे छप्पर, तीन बाजूंना वेल्डमेश, आणि मध्ये 9 इंची विटांची, व्हॉल्व्हच्या उंचीच्या बरीच वर जाणारी भिंत. भिंतीच्या एका अंगाला डीए आणि एलपीजी, दुसऱ्या अंगाला ऑक्सिजन आणि आरगॉन. एवढे काम फॅब्रिकेशनवाल्याला स्वतःच्या हातांनी दोन-तीन दिवसांत करता येते. जागा निवडताना जवळ गटाराचे तोंड, तळघराची खिडकी, एसीचे बाहेरचे युनिट, ट्रान्सफॉर्मर किंवा शेजाऱ्याचा दरवाजा येत नाही ना, हे पाहावे. पिंजऱ्यात दिव्याचे बटण किंवा साधा पंखा बसवू नये, उजेड बाहेरच्या खांबावरून द्यावा. ओट्यावर पाणी साचू देऊ नये, कारण सिलिंडर गंजायला तळापासून सुरुवात होते आणि कोकणातल्या किंवा मुळशी-लोणावळ्याकडच्या पावसात हा गंज एका हंगामात दिसू लागतो.

सोसायटी बाहेर जागा देत नसेल आणि आपल्या खोलीची मागची भिंत मोकळ्या बोळाकडे असेल, तर दुसरा मार्ग आहे. खोलीचे गाळ्यात उघडणारे दार विटांनी कायमचे बुजवावे, आणि बोळाकडची भिंत शक्य तितक्या रुंदीत काढून तिथे जाळीचे दार बसवावे. अशाने खोली इमारतीत राहूनही गाळ्यापासून तुटते आणि गळालेला गॅस बाहेर जातो. भिंत काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा लागेल. वर काँक्रीटचा स्लॅब असेल तरीसुद्धा त्या खोलीत मी फक्त आरगॉन आणि ऑक्सिजन ठेवू देईन. माणसे बसतात त्या ऑफिसच्या खाली डीए आणि एलपीजी ठेवायला माझा विरोध आहे, आणि ते छोट्या पिंजऱ्यात बाहेरच गेले पाहिजेत. पोटमाळा प्लायवूडचा असेल तर त्याखालच्या खोलीत आरगॉनखेरीज काहीही ठेवू नये. मागच्या बाजूला मोकळा बोळच नसेल तर ही खोली सिलिंडरसाठी विसरून जावी. अंधेरी-गोरेगावकडच्या बहुमजली औद्योगिक इमारतींत वरच्या मजल्यावर गाळा असणाऱ्यांना हे दोन्ही मार्ग नसतात. तिथे तळमजल्यावर सामाईक पिंजरा उभारायला सोसायटीला भाग पाडणे आणि वर फक्त त्या दिवशी लागणारा बाटला नेणे, एवढेच करता येते.

आरगॉनसाठी आणखी एक सोय सुचवतो. आपल्याकडे टिगचे, म्हणजे आरगॉनच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगचे, टेबल ठरलेल्या जागी असेल, तर सिलिंडर बाहेर ठेवून गॅस पाइपने आत आणता येतो. तांब्याचा पाइप आरगॉनला चालतो. मात्र तोच उरलेला पाइप किंवा तांब्याची जोडणी कधीही डीएला वापरू नये, कारण शुद्ध तांब्याशी ॲसिटिलीनचा संयोग होऊन धक्क्याने फुटणारा पदार्थ तयार होतो.

सिलिंडर उभे ठेवून साखळीने बांधावेत हे बहुतेकांना माहीत असते, पण साखळी कशी लावतात तिकडे लक्ष द्यावे. दहा बाटल्यांभोवती एकच साखळी असेल, तर एक काढताना दहाही मोकळे होतात. दोन किंवा तीन बाटल्यांमागे एक साखळी असावी आणि ती बाटल्याच्या दोन-तृतीयांश उंचीवर यावी. ऑक्सिजन आणि आरगॉनच्या भरलेल्या बाटल्यात सुमारे 150 किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब असतो, आणि बाटला आडवा पडून व्हॉल्व्ह मोडला तर तो भिंत फोडून जाऊ शकतो, म्हणून वापरात नसताना टोपी घट्ट बसवलेली असावी. डीए आडवे ठेवण्यास नियमानेच मनाई आहे. त्यातला वायू ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो, आणि आडव्या बाटल्यातून ॲसिटोन बाहेर येऊ लागते. गाडीतून आडवा आलेला डीए बाटला काही तास उभा ठेवल्याशिवाय वापरू नये. रंगांवरून ओळख करताना मरून म्हणजे डीए, काळा म्हणजे ऑक्सिजन, निळा म्हणजे आरगॉन हे खरे असले, तरी धूळ आणि जुना रंग यांमुळे घोटाळा होतो, म्हणून बाटल्यावरचे गॅसचे नाव वाचूनच तो त्याच्या जागी लावावा. चाचणीची तारीख उलटलेला बाटला दारातूनच परत करावा, आणि त्यासाठी बाटला उतरवून घेणाऱ्या माणसाला ती तारीख वाचायला शिकवावे.

उन्हाबद्दल लोक ऑक्सिजनची काळजी करतात. वास्तविक 15 अंश सेल्सिअसला 150 किलो दाब असलेला ऑक्सिजन 65 अंशांना 176 च्या आसपास जातो, आणि सिलिंडर हे सहन करण्यासाठीच बनवलेला असतो. द्रवरूप भरलेल्या गॅसचे तसे नाही. आपल्याकडे पुढे मिग वेल्डिंगसाठी कार्बन डायऑक्साइड येणार असेल तर लक्षात ठेवा, की 31 अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही आणि त्याचा दाब झपाट्याने चढतो. जास्त भरलेला बाटला विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात सेफ्टी डिस्क (जास्त दाबाने फुटणारी सुरक्षा चकती) फोडून रिकामा होतो. त्यामुळे छपराचा पत्रा बाटल्यांच्या बराच वर असावा आणि पश्चिमेचे ऊन अडवावे.

चोरीची आपली भीती खोटी नाही, कारण सिलिंडर हरवला तर अनामत रक्कम बुडते. जाळीच्या पिंजऱ्यालाही चांगले कुलूप आणि वर कॅमेरा लावता येतो. किल्ली मात्र मालकाच्या खिशात नको, ती शिफ्टच्या सुपरवायझरकडे आणि दुसरी वॉचमनकडे असावी. अग्निशमन दलासाठी दर्शनी भागात पाटी लावून कोणता गॅस कुठे आणि जास्तीत जास्त किती, हे मराठीत लिहावे. जवळच्या अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांना एकदा बोलावून जागा दाखवली तर ते आनंदाने येतात, असा माझा अनुभव आहे. आगीची झळ बसलेला डीए बाटला बाहेरची आग विझल्यावरही आतून तापत राहू शकतो, म्हणून तो हलवू नये, सगळ्यांनी दूर जावे आणि दलाला "आत डीए आहे" हे पहिल्या वाक्यात सांगावे.

पिंजऱ्याला परवानगी आणि बांधकाम मिळून महिनाभर सहज जाईल. तोपर्यंत भिंतीवर खर्च करू नका. पुरवठादाराच्या पुढच्या गाडीने सगळे रिकामे आणि जास्तीचे बाटले परत पाठवा. एलपीजी आणि डीए आजच त्या खोलीतून काढून मागच्या बाजूला उघड्यावर, सावलीत, साखळीने बांधून ठेवा आणि रात्री वॉचमनला तिथे फेरी मारायला सांगा. खोलीचे बंद दार काढून जाळीचे दार लावा, आणि वरच्या ऑफिसात जाणारी केबलची भोके सिमेंटने बुजवा. कामाच्या ट्रॉलीवरचे बाटले शिफ्ट संपल्यावर व्हॉल्व्हपासून बंद करावेत, होजमधला गॅस मोकळ्या हवेत सोडून द्यावा, रेग्युलेटरचा स्क्रू सैल करावा आणि ट्रॉली शटरजवळ ठेवावी. प्रत्येक नवीन जोडणी साबणाच्या पाण्याने तपासावी. सोसायटीकडे अर्ज करताना पिंजऱ्याच्या नकाशासोबत ऑडिटरचा अहवाल जोडा. नकाशावर गटार, शेजारची दारे आणि विजेचे मीटर यांपासूनची अंतरे लिहा, कारण पहिली हरकत तिथूनच येते. मागच्या बोळाची रुंदी आणि पोटमाळ्याच्या तळाचे बांधकाम आपण कळवले, तर दोन मार्गांपैकी आपल्याला कोणता लागू पडेल हे मी नेमके सांगू शकेन.